दोडक्यांवरचा पहारा

तीर्थस्वरूप राजमतीअक्का,

धनपालचा नमस्कार आणि जय जिनेंद्र. तुझा डावा गुडघा कसा आहे? दाजींचं आंघोळीतलं गाणं थांबलं असेल तर शेजाऱ्यांचं अभिनंदन. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आमच्या मोकळ्या रानात आठ दिवस खतासाठी मेंढरं बसवली. (धनगर रानात दिसले तर माझं तोंड बघणार नाही, असं तू म्हणाली होतीस. तरीपण वाच.) धनगर आले की आधी दोडकी जातात आणि मग भांडी, हे तूच मला लहानपणी शिकवलंस. म्हणून पहिल्याच दिवशी मी छत्री आणि शिट्टी घेऊन बांधावर बसलो. समोर मेंढरांचा मालक तात्याबा काठी घेऊन बसला. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे. चार दिवसांत माझी मान अवघडली (तुझ्या भावजयीनं, श्रद्धानं, तेल चोळलं, पण हसत हसत, ते मला आवडलं नाही), आणि एवढं करून वेलावरची दोडकी रोज कमीच! पाचव्या दिवशी संतापून मी शिट्टी फुंकली. मेंढरं बिथरली आणि थेट पाटात घुसली. तात्याबा ओरडला, "आवं मालक, सोडलीसाच न्हवं शेवटी!"

आम्ही दोघं चिखलातून तासभर पळालो. शेवटी एडक्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारून बसलो, तेव्हा तात्याबानं सांगितलं, "आमची म्हातारी म्हनायची, जैनांच्या रानात डोळा लागू द्यायचा न्हाई. त्यास्नी लय दया येती, मेंढरं सोडून देत्यात." मला भयंकर राग आला. ओळख ना पाळख, माणसाबद्दल असं ठरवायचं म्हणजे काय! (मग दोडकी आठवली आणि शिट्टी खिशात लपवली.)

परत आलो तर तात्याबाच्या पालात त्याची बायको बयाबाई आणि आपली श्रद्धा जेवत होत्या. भाजी दोडक्याची. श्रद्धाच पहिल्या दिवसापासून दोडकी नेऊन देत होती, आणि बयाबाईनं तिच्यासाठी भाजीत कांदा-लसूण घातला नव्हता. अक्का, मला लाज वाटली. तरी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आता माझ्या मनात कुणाबद्दलही अढी उरलेली नाही. (दाजींकडची माणसं सोडून. ती तशीच आहेत.)

तुझा धाकटा भाऊ,
धनपाल

ता. क. इस्लामपूरचं तुझं ऊस तुटलेलं रान मोकळंच आहे ना? तात्याबाची मेंढरं तिकडे निघाली आहेत. तुझ्या वतीनं मी हो म्हणून टाकलंय.

आणखी ता. क. श्रद्धा म्हणते, सगळं खरं लिहा. तर हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. तुझ्या हातात ज्या बाईनं ते दिलं, तीच बयाबाई. ती आत्ता तुझ्यासमोर उभी आहे, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. तिला तुझी फार भीती वाटते (बागायतदारणी उंबऱ्यावरूनच हाकलतात, असं तिला तिच्या आईनं सांगितलंय). मी तिला म्हणालो, आमची अक्का तसली नाही. आता तूच काय ते बघ, आणि तिला आधी पाणी दे.