गौरीचं आतडं आणि जावयाचा चांदीचा पेला

मेल्यावर तरी माणसानं घरातल्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसू नये! पोरगी पांढरीफटक पडत चालली आहे, उपाय समोर आहे, आणि ती मला विचारते, "आजी, आजोबांना हे चाललं असतं का गं?" म्हणजे अजूनही तुम्हीच आडवे.

अहो,

नमस्कार मागाहून करते. तिसरी शिकलेली बाई पत्र लिहायला बसली म्हणजे वेळ काय आली असेल, समजून घ्या.

गौरी आजारी आहे. तुमच्या मांडीवर बसून हात धुवायला शिकलेली तीच. आतड्याला आतून सूज, जखमा, रक्त पडतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. कॉलेज सुटलं, जेवण सुटलं. मनगट बघवत नाही तिचं.

तुम्ही तिला संत्र्याच्या फोडी सोलून भरवायचात, आठवतं? एक सालटं राहू द्यायचा नाहीत. मला कधी अख्खं संत्रंसुद्धा विचारलं नाहीत, ते असो.

सिकंदराबादच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण आहे, गौरीपेक्षा थोडी मोठी. मी सरळ म्हटलं, "बेटा, मेरे कू समझे ऐसा बोल." तर तिनं खुर्ची ओढून घेतली. म्हणाली, आतड्याचं अस्तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं आणि त्याच्या मागे शरीराचे पहारेकरी बसलेले असतात. शरीरात सगळ्यात जास्त पहारा तिथेच! आणि आतड्यात राहतात जंतू, अगणित. आपल्याला न पचणारा कोंडा, सालं, डाळींची टरफलं ते खातात आणि त्यातून जे तयार करतात, त्यावर ते अस्तर पोसतं. वर पहारेकऱ्यांनाही त्यांच्यामुळेच कळतं, की घरातलं कोण आणि चोर कोण, कुठे काठी उगारायची आणि कुठे गप्प बसायचं. गौरीच्या पोटातले हे भले जंतू कमी झालेत, म्हणून पहारेकरी घरच्याच भिंतीवर काठ्या हाणतायत.

ऐकताय ना? जंतू! तुमचा जन्माचा वैरी! कोथिंबीर तीन पाण्यांतून काढायचात, दुधाची पिशवी साबणानं धुवायचात, न्हाव्याकडून आलात की दाराबाहेरच कपडे उतरवायचात. समोरची तेलगू मंडळी खिडक्या लावून घ्यायची.

मी डॉक्टरणीला हे सगळं सांगितलं आणि वाट बघत बसले, की आता ही तुमचं नाव घेते. नाही घेतलं हो. म्हणाली, "अम्मा, किसकी वजह से हुआ, कोई नहीं बोल सकता. दादाजी को छोड़ दो." सुटलात. मग मी माझ्या दह्याचं विचारलं. इतकी वर्षं एका विरजणावर चाललेलं दही! तर म्हणे, खाऊ द्या, पण ते जंतू पाहुणे, येतात आणि जातात. म्हणजे मी मात्र सुटले नाही.

आता उपाय ऐका, आणि नाकाला उपरणं लावू नका. धडधाकट माणसाचे जंतू गौरीच्या आतड्यात सोडायचे. ते जंतू कुठून काढतात, हे तुम्ही ओळखलं असेल. हो, तिथूनच. तपासून, गाळून, नळीनं आत सोडतात. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, हेही तिनं आधीच सांगितलं. पण करून बघण्यासारखं आहे म्हणाली.

मी म्हटलं, माझे घ्या. हसली. वय झालं म्हणे. आपल्या प्रकाशला साखर आणि वर ॲसिडिटीच्या गोळ्या, बाप असून उपयोग नाही. सूनबाईनं दाढेसाठी नुकतीच जंतू मारायची औषधं घेतली होती, तीही बाद. मग तपासण्यांत पास कोण झालं, सांगू?

श्रीनिवास. तुमचा जावई.

दिलसुखनगरला क्लासमध्ये गणित शिकवतो आणि सुटला की गाडीवर उभा राहून मिरची भज्जी खातो, म्हणून तुम्ही ज्याच्या शेजारी पाट मांडू द्यायचा नाहीत, तो! त्याच्यासाठी चांदीचा पेला वेगळा काढलात. "जावयाचा मान आहे," म्हणायचात. लेकीला ते खरं वाटलं. मला नाही वाटलं. तो पेला तुम्ही आपल्या भांड्यांत कधी विसळू दिला नाहीत, कोनाड्यात एकटा ठेवायचात. श्रीनिवासलाही कळत होतं. कधी बोलला नाही. तुमच्या आजारपणात तुम्हाला उचलून न्हाणीत नेणारा तोच होता, तेव्हा बरं चाललं!

डॉक्टरणीनं त्याला विचारलं, तर माझ्याकडे, सासूकडे, वळून म्हणाला, "अत्तय्या, इसमें पूछना क्या? गौरी मेरी बच्ची है." एवढंच. आणि त्या दिवसापासून भज्जीची गाडी बंद, सुईला घाबरणारा माणूस पुन्हा पुन्हा रक्त काढून घेतोय.

आणि तुमची नात नाही म्हणते! "शी! आजी, मी नाही करणार. श्रीनिवास मामय्याचं... आजोबा तर माझ्या ताटालासुद्धा हात लावणार नाहीत." डॉक्टरीण समजावून थकली, आईबाप रडून थकले. मी रडले नाही. मी म्हटलं, "थांब, आजोबांनाच विचारते." तर पोरगी हसली. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू! म्हणाली, "विचार. ते हो म्हणाले तर करते."

म्हणून हे पत्र. तिला मराठी धड वाचता येत नाही, मीच वाचून दाखवणार आहे, शिव्यांसकट.

माझा शब्द देते. तो चांदीचा पेला आजच कोनाड्यातून खाली आला. आता आपल्या भांड्यांत विसळला जाईल आणि हाताला येईल तो त्यातून पिईल, मीसुद्धा. आणि श्रीनिवास आला की त्याला पाणी तुमच्या तांब्यातून.

उद्या पितृपक्षातली तुमची तिथी. गच्चीवर पान प्रकाश नाही ठेवणार, श्रीनिवास ठेवेल, शेजारी त्याच पेल्यात पाणी. गौरीला शाल गुंडाळून खुर्चीवर बसवते. तुम्ही आला नाहीत तरी मी तिला दवाखान्यात नेणारच आहे, ओढत का होईना. पण तिनं तुमच्या शब्दावर जावं, एवढा एक हट्ट आहे माझा. तुमच्यावर तिचा फार जीव हो. माझाही आहे, पण ते आता काय लिहायचं.

तुमची,
प्रकाशची आई

उत्तर मला नको. भटजीच्या तोंडून नको, माझ्या स्वप्नात येऊन तर मुळीच नको. कावळा होऊन तुम्ही स्वतः यायचं, श्रीनिवासच्या हातचा घास उचलायचा, आणि गौरीला उत्तर द्यायचं. तुम्हीच.