वाळल्यावर वाढलेलं वजन

ता. ९ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

पत्रात आधी तब्येतीची चौकशी करायची असते, ती मी शेवटी करते. आधी मला भांडायचं आहे. तसं भांडण आमच्या साहेबांशी आहे, पण त्यांच्याशी भांडले तर नोकरीवर येईल, म्हणून तुमच्याशी भांडते.

यंदा गव्हाच्या कापणीचे प्रयोग माझ्याकडे आलेत, म्हणजे तुकडा कापा, तोला आणि त्यावरून अख्ख्या विभागाचं पीक मांडा. तुमचा जन्म ज्यात गेला तेच काम, तुम्हाला मी काय सांगणार! पण यंदाची गंमत ऐका. ऐन दाणा भरायच्या दिवसांत आठवडाभर गरम वारा सुटला. रस्त्यावरून बघाल तर पीक असं डोलतंय की दृष्ट लागावी. ओंबी हातावर चोळलीत की मात्र निम्मे दाणे पोचट. आमचे साहेब जीपमधून उतरलेच नाहीत. काच खाली केली, एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं आणि पीक झकास आहे म्हणून जाहीर केलं. मग ऑफिसात येऊन मला म्हणाले की प्रत्येक तुकड्याला सोळा किलो लिहून मोकळी हो, गेल्या वर्षीही तेवढंच होतं, उगाच उन्हात कशाला मरतेस.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दोरी, खुंट्या, वजनकाटा घेतला आणि दोन मजूर बायकांना घेऊन निघाले. चिठ्ठी काढावी तसा तक्त्यातून निघालेल्या आकड्याप्रमाणे पावलं मोजली, तर तुकडा आला शेताच्या पार कोपऱ्यात. शेताची मालकीण आईच्या वयाची. ती काकुळतीला येऊन सांगायला लागली की मधलं पीक चांगलं आहे, तिथलं घे, हा कोपरा काय दाखवतेस सरकारला! फोटो काढायला माणूस आला की आई पोराचं तोंड पुसते ना, अगदी तशी. मी तिला समजावलं की जागा तूही ठरवायची नाहीस आणि मीही नाही, आकडा नेईल तिथेच जायचं. दहा मीटर बाय पाच मीटर कापलं, मळलं, उफणलं, तोललं. सात किलो दोनशे ग्रॅम! सोळा कुठे आणि सात कुठे!

आता ओलाव्याचं वजन जावं म्हणून तो गहू आठ दिवस आपल्या गच्चीवर वाळतोय. मग पुन्हा तोलायचा, आकडा लिहायचा आणि गहू मालकिणीला परत द्यायचा. पुढच्या महिन्याच्या मध्यावर आमचे आकडे वर जातील. ते सोळा गेले, तर गोदामातलं धान्य बाहेर पाठवायचं आणि स्वस्त धान्याची दुकानं बंद करायची, असं वरती जवळजवळ ठरलंय. म्हणजे पुढच्या वर्षी पीठ कुठून आणायचं ते लोकांनी जीपच्या काचेला विचारायचं का?

साहेब आणखी एक बोलले. ते म्हणे तुमच्या हाताखाली शिकले, आणि तुम्ही कधी असला हट्ट केला नाहीत. हे खरं का हो?

गुडघा कसा आहे? चालताय ना रोज? या भांडकुदळ भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
फटाकडी


ता. १३ मार्च

चि. फटाकडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा चटका बसला की काय, असं वाटलं. गुडघा कुरकुरतो, पण तुझ्याएवढा नाही.

पोरी, तू केलंस ते शंभर टक्के बरोबर. सरकार म्हणजे लांबच्या खोलीत बसलेला माणूस. त्याला शेत दिसत नाही, ओंबी चोळता येत नाही. किती साठवायचं, बाहेरून मागवायचं की बाहेर पाठवायचं, पुढच्या हंगामाला बियाणं कुठे धाडायचं, पाणी आधी कुणाला सोडायचं, हे सगळं तो आपण लिहिलेल्या एका ओळीवरून ठरवतो. ओळ खोटी असली तर तो बिचारा मोठ्या आत्मविश्वासाने खड्ड्यात जातो आणि जाताना सगळ्यांना बरोबर नेतो.

तेव्हा आरडाओरडा करू नकोस. गहू नीट वाळव, दोनदा तोल, आकडा शाईने लिही आणि मालकिणीची सही घे. वाळलेलं वजन ओल्यापेक्षा थोडं कमी भरेल. त्यावर कुणाचा बाप वाद घालू शकणार नाही.

तुझे साहेब माझ्या हाताखाली होते खरे. अक्षर चांगलं होतं त्यांचं.

उत्कृष्ट कामाचं माझं प्रशस्तिपत्र अजून भिंतीवर आहे, परवाच काच पुसली. एक दिवस त्याच्या शेजारी तुझं लागेल. तुझ्या आईला सांग, दादा आठवण काढतो.

तुझा,
मामा


ता. २१ मार्च

ती. मामांना,
सा. न.

आज विनंती नाही आणि विशेषही नाही, नुसता संताप आहे.

वाळलेला गहू मी ऑफिसात साहेबांच्या टेबलावर तोलला, सगळ्यांसमोर, मोठ्या तोऱ्यात. काटा नऊ किलो शंभरावर जाऊन थांबला. मी पिशवी उतरवली, पुन्हा टांगली. नऊ किलो शंभर! आठ दिवस उन्हात वाळून गहू जवळजवळ दोन किलोंनी वाढला, मामा! साहेब इतके हसले की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. म्हणाले की आणखी महिनाभर वाळवलास तर सोळा आपोआपच होतील. माझा प्रयोग रद्द केला. बाकीच्या शेतांचे आकडे आता ते स्वतः टेबलावर बसून भरणार आहेत.

तशीच मालकिणीकडे गहू परत करायला गेले. तिने मूठभर हातात घेतला, फुंकर मारली आणि म्हणाली की हे टपोरे दाणे माझ्या शेतातले नाहीत. बघितलं तर खरंच! सुरकुतलेले दाणे वेगळे आणि टपोरे वेगळे. माझ्या डोळ्यांना कसं दिसलं नाही, त्याची लाज वाटते.

घरी येऊन आईला विचारलं. तिने एका क्षणात कबूल केलं. रोज खालीवर करायला गच्चीवर जायची, गहू फारच बारीक दिसला, लेकीचा निकाल कमी लागेल म्हणून डब्यातला चांगला गहू ओंजळी-ओंजळीने मिसळला. मी किंचाळले. त्यावर ती बिचारी गोंधळून म्हणाली की यात काय चुकलं, असंच करतात ना, दादा नोकरीच्या सुरुवातीला दर हंगामात गच्चीवर असंच करायचा आणि मी पिशवीचं तोंड धरायचे.

मामा, तुमच्या पत्रातली ती सरकार खड्ड्यात जाण्याची ओळ मी ऑफिसात मैत्रिणीला वाचून दाखवली होती. आई म्हणते ते खरं आहे का, एवढंच सांगा. हो किंवा नाही. गुडघ्याचं नंतर विचारीन.

भाची


ता. २२ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. पण घरात लेक माझ्याशी बोलत नाही आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. तू नवा नवा नोकरीला लागला होतास. गच्चीवर पिशवी धरायला तू मला बोलवायचास, घरातल्या डब्यातला गहू आणून ओतायचास आणि म्हणायचास की आता साहेब खूश. मला वाटायचं, कामच असं असतं. इतकी वर्षं मी तेच समजत होते. काल लेकीने सगळं फोडून सांगितलं, की त्या पिशवीवरून वरती काय काय ठरतं. ऐकता ऐकता मला एकदम त्या पिशव्यांनंतरचं वर्ष आठवलं.

दादा, त्या वर्षी स्वस्त धान्याची दुकानं बंद झाली होती. आठवतं? पीक भरपूर आलंय, मग दुकानं कशाला, असं वरून आलं होतं. चार महिने आपला तो डबा रिकामा होता. बाबांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. पोट जड होतं म्हणायचे, आणि मी ते खरं मानलं. त्यांच्या वाटणीचं मीच खायचे, आवडीने.

तुला तेव्हा माहीत होतं का रे? आपल्याच डब्यातला गहू आपण सरकारच्या पिशवीत ओतला, आणि तो बघूनच त्यांनी आपलं दुकान बंद केलं? मी अडाणी, पण तू तर शिकलेला होतास.

तब्येतीला जप. राग आला तरी भाऊ एकच आहे.

तुझी,
धाकटी


ता. २७ मार्च

चि. फटाकडीस आणि धाकटीस, दोघींना मिळून,

आशीर्वाद लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

हो.

बावीस वर्षांचा होतो. तेव्हाच्या साहेबांनी आमचा विभाग पहिला येणार असं वरती कबूल केलं होतं. ज्याचं वजन कमी भरेल त्याची बदली लांब कुठेतरी होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या वर्षी दोन ओंजळी घातल्या. कुणी विचारलं नाही, उलट पाठ थोपटली. मग सवय लागली.

धाकटे, मला माहीत होतं. त्या वर्षी बाबांचं ताट उचलताना दर संध्याकाळी माहीत होतं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही, आणि नंतर सांगायला बाबा राहिले नाहीत. पुढच्या हंगामापासून मी डब्यातला गहू घालणं बंद केलं. तू म्हणशील, दादा सुधारला. कसला सुधारतोय! डब्यात गहूच नव्हता. मग मी शाईने घालायला लागलो, टेबलावर बसून. तेच मी तुझ्या साहेबांना शिकवलं, पोरी. अक्षर चांगलं होतं म्हणून कौतुकाने शिकवलं. ते चोर असतील तर मी त्यांचा मास्तर आहे.

सोबत एका पत्राची नक्कल आहे. मूळ पत्र मुख्य कार्यालयात रजिस्टर पार्सलने पाठवलं. तुझ्या पिशवीत गहू कसा वाढला, ही रीत आमच्या घरात कुणी आणली आणि ऑफिसात कुणी, हे नावानिशी लिहिलं आहे. मुदतीआधी या विभागात फिरून कापणी व्हावी, अशी मागणी केली आहे. प्रशस्तिपत्र फ्रेमसकट त्याच पार्सलात घातलं. भिंतीवर आता चौकोनी डाग दिसतो, तो राहू दे.

उशिरा पेरलेली शेतं अजून उभी असतील. मंगळवारी येतो. गुडघ्याचं कारण सांगून मला अडवू नका. खुंट्या ठोकता येणार नाहीत, पण पिशवीचं तोंड धरून बसेन आणि त्यात कुणाचा हात जाऊ देणार नाही, माझा तर नाहीच.

माफ करा असं लिहीत नाही. जमेल तेवढं आपलं म्हणा.

मामा


ता. १८ एप्रिल

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यावर इथे काय झालं ते सांगते.

तुमच्या पत्रावरून मुख्य कार्यालयाने धाडलेल्या तपासणीसबाईंनी, तुम्ही इथे असताना उशिराच्या शेतांत कापलेल्या आपल्या चारही तुकड्यांचं वाळलेलं वजन स्वतः सीलबंद पिशव्या उघडून घेतलं. सहा किलो आठशे, सात किलो शंभर, सहा किलो पाचशे, सात किलो. चारही ठिकाणी वाळल्यावर कमी भरलं, जसं भरायला हवं. साहेबांच्या सोळांवर त्यांनी लाल रेघ मारली आणि सह्यांच्या जागी शेतमालकांच्या सह्या का नाहीत म्हणून लेखी खुलासा मागितला.  मग साहेबांनी मला बोलावून हळूच विचारलं की असा खुलासा कसा लिहितात, तुझ्या मामांनी शिकवला नव्हता. हसावं की रडावं, मला कळलं नाही. मी म्हटलं की मामांनाच आत्ता कुठे जमायला लागलाय.

तुमची फ्रेम मुख्य कार्यालयाने आमच्याकडे परत पाठवली. प्रशस्तिपत्र परत घेण्याचा फॉर्मच नाही म्हणे! हल्ली ती कपाटावर आहे आणि तिच्यावर चहाचे कप ठेवतात.  तुम्ही काढलेल्या त्या सगळ्या नोकरीभरच्या आकड्यांवर कुणी लाल रेघ मारणार नाही, याचा मला अजून राग येतो, आणि तो लवकर जाईल असं नाही. त्या आकड्यांवर बंद झालेल्या दुकानांपुढे आपलं एकच घर थोडंच उभं होतं! हे तुम्हाला कळलंय हे मला दिसलं. उन्हात चार तास पिशवी मांडीत घेऊन बसला होतात, मालकिणीने पाणी दिलं तरी हात काढला नाहीत. तेवढ्यापुरता राग बाजूला ठेवलाय.

कालच हुकूम आला. गोदामातलं धान्य बाहेर जाणार नाही आणि दुकानं वर्षभर चालू राहणार. मी धावत घरी येऊन आईला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गव्हाचा डबा पुसत होती. मला वाटलं, आनंदाने काहीतरी बोलेल. तिने डबा पुसून पुरा केला, झाकण लावलं. मग तुम्हाला एवढंच कळव म्हणाली की यंदा कुणाच्या बाबांना संध्याकाळी पोट जड झालंय असं खोटं सांगावं लागणार नाही.

रोज चाला. लोभ आहेच, तो मोजून मागू नका.

तुमची, अजून रागावलेली,
फटाकडी