खाणीच्या पाण्यात धुतलेला फोटो

३ मार्च १९९४
पोचले एकदाची! जतपलीकडची ही वस्ती, आणि मागे साहेबाच्या काळात तांब्यासाठी पोखरलेला डोंगर. तांबं संपलं, साहेब गेला. खाणीतलं हिरवं, विषारी पाणी तेवढं ठेवून गेला. सांगलीतल्या माझ्या पहिल्या प्रदर्शनाचा हाच विषय. आईने गावभर सांगितलंय, पोरगी ग्रॅज्युएट झाली, आता सरकारी फोटो काढते. वस्तीतल्या रंगूआक्कांनी त्यांच्या घरात खोली दिली. खिडकीला त्यांचीच घोंगडी लावून डार्करूम केली.

६ मार्च
खाणीच्या तोंडाशी आक्कांचा फोटो काढला. माझं थोबाड बघून सांगलीची माणसं पळत्याल, म्हणून हसत होत्या. परतताना बजावलं, या पाण्यात मेलेल्याचंच कापड धुत्यात, जित्याचं काय बी बुडवायचं न्हाई. साहेबाच्या वेळी आत गाडल्या गेलेल्यांना वाटतं, कामावर नवा गडी आला. किती सुंदर समजूत! प्रदर्शनात लिहायला हवी.

९ मार्च
फोटो धुवायला पाणी फार लागतं. टँकर आला नाही. आक्कांनी प्यायचा हंडा पुढे केला. त्यांच्या तोंडचं पाणी मी फोटोवर ओतू? गुपचूप खाणीतून बादली आणली. फोटो सुरेख आला.

११ मार्च
वाळलेल्या फोटोत आक्का पाठमोऱ्या आहेत. मी समोरून काढला होता. निगेटिव्हवर चेहरा आहे.
सकाळपासून आक्का भिंतीकडे तोंड करून बसल्यात. टाचा हिरव्या पडल्यात.

१३ मार्च
फोटोत त्या खाणीत आणखी आत गेल्यात. इकडे घरात खोकल्या, तर पदरावर हिरवी माती. विचारलं, पोरी, माझं काय बुडिवलंस का? मी नाही म्हणाले.
नाही म्हणाले मी.

१४ मार्च
फोटो फाडायला गेले. कोपरा फाटला, तशा आक्का किंचाळल्या. फोटोत आता नुसता पदर दिसतो—
सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बदली गडी मिळाल्याबिगर सोडत न्हाईत ते. मग माझं डोकं कुरवाळलं. पाठमोऱ्याच, हात मागे करून.

१५ मार्च
टायमर लावून माझा फोटो काढला, धुतला. त्याच पाण्यात.
आक्का फोटोत मागे येताहेत— चेहरा दिसला! चेहरा—
दारातून हाक. पोरी, काय केलंस ह्ये, हिकडं बग की.
बघायचंय, आक्का. पण समोर भिंत. मान वळवता