कपाटातून काहीच येत नाही

३ जानेवारी
दिग्दर्शकाचा फोन. माझ्या गोष्टीवर सिनेमा काढायचा म्हणतो. भयपट. गोष्ट सहा पानांची. आई गेल्यावर मुलगा तिचं कपाट उघडत नाही. आत हँगर वाजल्यासारखे वाटतात. तो शेवटपर्यंत उघडत नाही. एवढंच.
तेवीस वर्षांत माझी एवढी एकच गोष्ट जमली आहे, हे मला ठाऊक आहे. बायकोलाही. ती बोलून दाखवते.
दोन अटी घालणार. कपाट उघडायचं नाही. पडद्यावर 'कथा' या शब्दापुढे माझं नाव.

६ जानेवारी
चौदा पानी करारनामा आला. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं, हात शिवशिवले. एकोणतीस चुका. लाल पेनाने दुरुस्त केल्या, सही केली, पाठवला. बायकोने विचारलं, नीट वाचलास ना. म्हटलं, स्वल्पविरामांसकट.

१९ जानेवारी
पहिली बैठक. दिग्दर्शक मला सर म्हणतो. विचारतो, सर, कपाटातून शेवटी काय येतं? म्हटलं, काहीच नाही, तीच तर भीती. त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, काहीच नाही, हे पोस्टरवर कसं दाखवू?
मी ठाम. तासाभराने मधला मार्ग निघाला. कपाट उघडेल, पण आत अंधार. अंधार म्हणजे काहीच नाही. तत्त्व शाबूत.

२ फेब्रुवारी
अंधारातून हात येतो. मनगटापर्यंतच. मनगट सूचक असतं.

९ फेब्रुवारी
हाताला बाई जोडली. नुसता हात हास्यास्पद दिसतो म्हणे. मुद्दा रास्त आहे, पण उद्या ठणकावणार.

१० फेब्रुवारी
ठणकावायला फोन केला. तो घाईत होता. बाया दोन झाल्यात. दुसरी पहिलीची जाऊ.

२६ फेब्रुवारी
करारनाम्याची माझी प्रत काढून वाचली. कलम अकरा: कथेत हवे ते बदल करण्याचा आणि नाव कुठे द्यायचं ते ठरवण्याचा हक्क निर्मात्याचा. या कलमात मी दोन स्वल्पविराम घातले आहेत. त्यामुळे आता ते फारच स्पष्ट वाचता येतं.
बायको म्हणाली, सेटवर जाऊन बस. डोळ्यांसमोर असलास तर नाव तरी विसरणार नाहीत.

४ मार्च, सकाळी
सेटवर. योजना: शूटिंग थांबवणे. शांतपणे, जेवणाच्या सुट्टीआधी. कपाट मात्र हुबेहूब घरी बंद पडून असलेल्या आईच्या कपाटासारखं. कडीसुद्धा.

४ मार्च, संध्याकाळी
थांबवलं नाही. जाऊबाईंचं काम करणारी नटी पाठ धरल्याने आली नाही. कपाट अरुंद, युनिटमधलं कोणी मावेना. मेकअपवाल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, काका, जरा पोट आत घ्या बघू. मावलो. दिग्दर्शक म्हणाला, सर, हे कपाट तुमच्याइतकं कोणाला कळतं? हे खरंच आहे.
विग, पांढरी बुबुळं, नऊ टेक. नवव्याला टाळ्या. लेखकाने स्वतःच्या कलाकृतीत शिरण्याला समीक्षेत काहीतरी नाव असणार. शोधायला हवं.

२२ जुलै
शुक्रवारी दुपारी पहिला खेळ. छापखान्यातल्या सगळ्यांना सांगितलं. मेव्हण्याला बजावलं, सुरुवातीला मोबाइल बघू नकोस, नाव तीनच सेकंद असतं.

२५ जुलै
'कथा'पुढे दिग्दर्शकाचं नाव. माझं शेवटी येत असेल, असं मी मेव्हण्याला सांगितलं.
कपाट उघडेपर्यंत थिएटर शांत होतं. मग मी बाहेर आलो आणि हशा पिकला. मागून छापखान्यातलं कोणीतरी म्हणालं, अरे, हे तर आपले करेक्शनवाले. मेव्हण्याने शिटी मारली.
शेवटी माझं नाव आलं. कॅटरिंगवाल्यांच्या वर. 'दुसरं भूत.' मुद्रणदोष नव्हता.
बायकोबरोबर घरी आलो. दाराशी मी विचारलं, थोडी तरी भीती वाटली का? म्हणाली, तुझी गोष्ट टाइप करताना वाटली होती. महिनाभर आईंच्या कपाटाकडे पाठ करून बसले नव्हते.
मग आत जाऊन तिने तेच कपाट उघडलं, माझे धुतलेले शर्ट त्यात कोंबले आणि दार सताड उघडं टाकून चहा ठेवायला गेली.