दुसरं बोट

अल सद्द, दोहा
३० ऑगस्ट २०१८

ती. आईंना अंतराचा नमस्कार.

गुडघा आता कसा आहे? फोनवर तुम्ही "बरंय" म्हणता, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. इकडे सगळं ठीक. ऊन भाजून काढतंय. गुरुप्रसाद सकाळी लुसैलला स्टेडियमच्या साइटवर जातो तो रात्रीच उगवतो. वर्ल्डकपला चार वर्षं आहेत, पण तिथे सगळ्यांची धावपळ अशी की जणू मॅच उद्याच आहे.

ईदच्या सुट्टीत त्याच्याबरोबर मी आणि गार्गी, आम्ही दोघी शांघायला गेलो. त्याला तिथल्या कारखान्यात पॅनेल तपासायची होती. आम्हाला कशाला, असं विचारलं तर म्हणाला, घरात बसून तरी काय करणार आहात. शेवटच्या दिवशी एक जुनी बाग बघितली. भर शहरात आहे. बाहेर टॉवर आणि बाजार, आत तळं, दगडांचे डोंगर, कमानी. चारशे वर्षांपूर्वी कुणा अधिकाऱ्यानं वडिलांसाठी बांधली म्हणे. एका दालनाशी मी देऊळ समजून चपला काढल्या, तर रखवालदार हसायला लागला. गार्गीचं "आई, इट्स सो हॉट, कॅन वी गो?" चालूच होतं. बाग सुंदर असणार. मला काही वाटलं नाही. हल्ली मला काहीच वाटत नाही, आई. भाजीत मीठ घालायला विसरते आणि आम्ही तिघंही ती तशीच खातो.

तळ्याकाठी एक आजीबाई नातवाला मांडीवर घेऊन हातपंख्यानं वारा घालत बसल्या होत्या. सरकून त्यांनी मला जागा दिली. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. त्यांनी गार्गीकडे बघितलं, नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोटांनीच विचारलं, मुलं किती?

मी एक बोट दाखवलं.

विचारसुद्धा करावा लागला नाही. हात आपोआप वर गेला. शौनकला जाऊन अजून वर्षही झालं नाही, आणि मी त्याला न मोजता मोकळी झाले.

गुरुप्रसाद शेजारीच उभा होता. तुम्हाला माहीत आहे, त्या तापात पोर गेलं आणि आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आलो, तेव्हापासून त्यानं शौनकचं नाव घेतलेलं नव्हतं. दप्तर, बूट, सगळं त्यानंच आवरून टाकलं. याला काही झालंच नाही असं मला वाटायचं, आणि फार राग यायचा. तो वाकला, माझा हात धरला आणि माझं दुसरं बोट उघडलं. "टू," म्हणाला. मग त्या बाईंना चक्क मराठीत, "मुलगा सात वर्षांचा. शौनक." त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी पंखा आमच्याकडे वळवला आणि थोडा वेळ आम्हाला वारा घातला.

मी रडले नाही. अजूनही रडलेले नाही. घरी आल्यावर तो पुन्हा गप्प आहे.

फोनवर बोलताना तो खोलीत असतो, म्हणून लिहितेय. मुंज न झालेल्या मुलाचं श्राद्ध करत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. बरोबरच असेल. पण मग त्याचं नाव घ्यायला आम्हाला वर्षातला एक दिवसही उरला नाही. दिवाळीत आम्ही नाशिकला येतोय. शास्त्र राहू दे. जेवायला पानं मांडाल तेव्हा एक शौनकचं मांडा, आणि सगळ्यांना मारता तशी त्यालाही हाक मारा. गुरुप्रसादला ऐकू जाईल अशी.

तुमची सून,
गार्गी आणि शौनकची आई,
अंतरा