भिंतीच्या आतली फळी

११ जून २००६, रविवार

बागेत पाच फळ्या उभ्या! माझ्या गुलाबांच्या वाफ्यात, ओळीने, प्रत्येकीवर खडूने नंबर. हे काय म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, सँपल.

ईस्टरच्या सुट्टीत यांनी मागच्या खोलीच्या बाहेरच्या कुजक्या फळ्या उपटून काढल्या. उत्साह काय तो! तेव्हापासून ती भिंत म्हणजे नुसता लाकडाचा सांगाडा, वर निळी ताडपत्री. वारा सुटला की फडफड. आता म्हणे बाहेरचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवरचं फळ्यांचं आवरण, लावायच्या आधी त्याच्या आत एक बोर्ड ठोकायचा असतो, पाऊस थोपवणारा. तो चुकला की सगळंच चुकलं, म्हणून हे पाच प्रकार पावसात उभे करून बघायचे. वरून क्लॅडिंग लागल्यावर तो कुणाला दिसणारसुद्धा नाही. न दिसणाऱ्या फळीसाठी एवढा घोळ! मला बघायला आले होते तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होता.

आमची लेक पूर्वी, तिची तारीख दसऱ्याच्या आसपास. तिचं पहिलं बाळंतपण — माहेरी यायलाच हवं. बाळ होऊ दे केंब्रिजच्या हॉस्पिटलात, पण नंतरचा सव्वा महिना माझ्याकडे, त्या खोलीत. आहळीव आणलेत. डिंक आणलाय. भिंत तेवढी नाही.

१३ जून

पूर्वीचा फोन. आई, रूम ड्राय झाली का? — आधी हेच. कशी आहेस नाही, काय नाही. ड्राय नसेल तर मी येणार नाही म्हणाली. हॉटेल बुक करतेय जशी काही! इथे जन्मलेल्या मुलींचे नखरे.

२ जुलै

पाऊस नाही. इतकी वर्षं या देशाच्या पावसाला शिव्या घातल्या, आणि आता हवाय तर आभाळ कोरडं ठणठणीत. त्यात होजपाइपला बंदी. फळ्यांची परीक्षा घ्यायची कशी?

यांनी मार्ग काढलाच. रोज सकाळी आंघोळ झाली की कमरेला टॉवेल गुंडाळून, तांब्या घेऊन बागेत. एकेका फळीवर वरून बारीक धार. सगळ्यांना सारखंच पाणी मिळावं म्हणून ओठांतल्या ओठांत आकडे मोजतात. शेजारच्या मिसेस डॉयल कुंपणापाशी येऊन, आवाज एकदम खाली आणून मला विचारत होत्या, यातला मुख्य देव कोणता?

मी आत पळाले. हसून हसून पोटात दुखलं.

१९ जुलै

उकाडा, उकाडा! चार नंबरच्या फळीपुढे झेंडूचं फूल. मिसेस डॉयलनी वाहिलंय. मी उचलायला गेले तर हे ओरडले — राहू दे, फुलाखाली ओल धरते का तेही कळेल.

शेंदूर फासायचा तेवढा राहिलाय.

३० जुलै

ईलिंगहून श्रीकांत आणि त्याची बायको वैजयंती जेवायला. श्रीकांत पुण्याहून येऊन तीन वर्षं झाली, सॉफ्टवेअरमध्ये आहे, भाड्याच्या घरात राहतो, खिळा कधी ठोकलेला नाही. तरी प्रत्येक फळीवर टिचकी मारून मत दिलं! प्लायवूडच घ्या काका. श्रीखंड झाल्यावर पुन्हा टिचकी. आता म्हणे सिमेंटचा बोर्ड घ्या, पण जड आहे हं. यांनी मन लावून ऐकलं. वैजयंतीने विचारलं, काकू, पूर्वी कुठे झोपणार? मी म्हटलं, ताडपत्रीत.

बोलून गेले खरी, पण रात्री भांडी घासताना तेच मनात. खरंच नाही आली तर? माझी आई सातासमुद्रापार होती, माझं बाळंतपण कुणी केलं नाही. मी कपड्यांच्या घड्या घालत एकटी बसायचे. पूर्वीला तसं नको, एवढंच मला हवंय.

१७ ऑगस्ट

तीन नंबर कडेने फुगली. पाव फुगावा तशी. हे खुशीत! पुन्हा पूर्वीचा फोन, पुन्हा तेच — ड्राय झाली का?

२७ ऑगस्ट

गणपती बसले. चौरंगाचा पाय मोडला म्हणून मी यांना न विचारता चार नंबर उचलून आणली, विटांवर ठेवली, वर लाल कापड घातलं. हे आंघोळ करून तांब्या घेऊन बागेत गेले आणि तिथूनच हाक — सुप्रभा, चार नंबर चोरीला गेली! देवाखाली आहे म्हटलं. तांब्या ठेवून आरतीला उभे राहिले.

२८ ऑगस्ट

विसर्जन. नेहमीप्रमाणे बागेत बादलीत. आत येऊन बघते तर कालचं पंचामृत कापडाखाली सगळं सांडलेलं! दूध, दही, मध — फळी रात्रभर त्यात बसलेली. हे गुडघ्यावर बसले, चष्मा लावला, कडेवरून बोट फिरवलं, नखाने खरवडलं. मग उभे राहिले.

"पंचामृत पचवलं हिने. पाऊस काय करणार? हीच."

गणपतीबाप्पा मोरया! आजच ऑर्डर दिली.

९ सप्टेंबर, शनिवार

काल बोर्ड आले. आज सकाळी मारेक नावाचा पोलिश सुतार दारात, हातात करवत. आणि मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.

पितृपक्ष लागलाय!

मी म्हटलं, आज नको. सर्वपित्री होऊ दे. पहिलं बाळ यायचंय त्या खोलीचं काम या पंधरवड्यात? मी नाही सुरू करू देणार. हे मारेकला समजावत होते की हे दिवस आमच्या गेलेल्या माणसांचे. त्याने टोपी काढली, छातीवर क्रॉस केला, म्हणाला आमच्याकडेही असा दिवस असतो. आणि स्लाऊला दुसऱ्या कामावर निघून गेला. मला वाटलं होतं तो तरी वाद घालेल.

हे एवढंच म्हणाले की मी उन्हाळा घालवला, उरलेलं तू घालव. मी कॅलेंडरावर दिवस मोजले. तारखेला अजून अवकाश आहे.

१४ सप्टेंबर

नाही! अवकाश नव्हता. पहाटे जावई नकुलचा फोन — मुलगी! लवकर आली, लहानखुरी आहे, पण दोघी छान. आठ-दहा दिवस तिथे ठेवून घेणार. मी देवापुढे साखर ठेवली आणि मागच्या खोलीत गेले. बाहेर धो धो पाऊस. ताडपत्री एका कोपऱ्यातून सुटून लोंबतेय, पाणी थेट आत, गालिचा भिजलेला. माझंच कॅलेंडर, माझंच तोंड! खाटेवर बसून रडले.

हे येऊन शेजारी बसले. म्हणाले, "ईलिंगची ती खोली आठवते तुला?"

न आठवायला काय झालं! आमची तिथली भाड्याची खोली, पूर्वी तान्ही. पाळण्यामागची भिंत कायम ओली, आणि हिची छाती भरलेली. श्वास घेताना बरगड्या दिसायच्या. शेवटी हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

"तेव्हा भिंतीला हात लावून बघावं हेच मला सुचलं नाही. म्हणून या वेळी बघत बसलो."

आणि मी सगळा उन्हाळा या माणसाला हसत होते. शेजारीपाजारी सांगून हसवत होते!

डोळे पुसले. म्हटलं, "उद्याच ठोका. पितरांना मी सांगते. त्यांचीच पणती आहे."

१६ सप्टेंबर

मारेक मोकळा नाही. शनिवारच्या सुट्टीपर्यंत थांबून हे आणि श्रीकांत दोघंच. पहिल्याच खिळ्याला श्रीकांतने स्वतःचा अंगठा ठोकला. त्यानंतर त्याने एकही मत दिलं नाही.

मी फुगलेल्या तीन नंबरवर वरणभाताचा घास ठेवून कुंपणापाशी उभी. आमच्या विमानतळाशेजारच्या हाउन्सलोचा कावळा, विमानांच्या आवाजाला न बधणारा — आला की सरळ! सगळा भात संपवून चोच पुसून गेला. परवानगी मिळाली.

मिसेस डॉयलनी चार नंबरचे बोर्ड भिंतीत जाताना पाहिले. म्हणाल्या, देव भिंतीतच बसवलात, आता घराला काळजी नाही. यांनी थँक यू म्हटलं.

२१ सप्टेंबर

मारेकने येऊन क्लॅडिंग लावलं. पांढरंशुभ्र. चार नंबर आता दिसत नाही. जरा चुकल्यासारखं वाटतं. हीटर लावून खोली वाळवतेय. पूर्वीला फोन केला — रूम ड्राय! तिने दोनदा विचारलं, नक्की ड्राय? मग म्हणाली, येते.

२४ सप्टेंबर, रविवार

आल्या! दारात भाकरतुकडा ओवाळला. पूर्वी बाळाला माझ्याकडे देऊन तडक मागच्या खोलीत गेली आणि भिंतीला तळहात लावून उभी राहिली — हुबेहूब यांच्यासारखी. मग माझ्याकडे वळली.

"आई, आमच्या फ्लॅटची वॉल जूनपासून काळी पडलीय. लँडलॉर्ड ऐकत नाही. नकुल इथून ट्रेनने कामाला जाईल. आम्ही इथेच राहिलो तर चालेल?"

जूनपासून! आणि मी म्हणत होते नखरे.

हे टेप घेऊन आले आणि पुढच्या खोलीची भिंत मोजायला लागले.