जावईबापूंचं ताट

आई, हे तू असताना सांगायला हवं होतं. तुला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

नवं हिंदी राज्य नुकतंच झालेलं, आपलं गाव त्यात गेलेलं. नागपूरचा कारभार भोपाळला गेला आणि तुझ्या जावयाला कचेरीत सगळं हिंदीतून लिहावं लागायचं. साहेबानं झापलं की तो राग घरी माझ्यावर निघे. शाहपुरात, सासरी, सगळे म्हणत, त्याच्या डोक्याला ताप आहे, तू समजून घे. मीही मुकाट समजून घेत होते. दोनदा माहेरी पळून आले, दोन्ही वेळा बाबांनी समजूत घालून परत पोचवलं. दिली तिथं मेली, हीच तेव्हाची रीत.

मग धोंड्याचा महिना आला. जावयाला वाण द्यायचं म्हणून आम्हा दोघांना लालबागला, माहेरी, बोलावलं. बाबांनी त्याचे पाय धुतले, तू पुरणाचे धोंडे वाढलेस. मी पाणी ठेवायला वाकले आणि पदर सरकला. मानेवर त्याची बोटं उमटलेली. तू पाहिलंस. बाबा घाईनं म्हणाले, "कचेरीचा त्रास आहे गं त्यांना. डोकं ठिकाणावर राहत नाही."

तू त्याच्यापुढचं भरलं ताट उचललंस.

"साहेबावर उठतो का हात? नाही ना? मग डोकं अगदी ठिकाणावर आहे. उठा, जावईबापू. पोरगी इथंच राहील."

बाबा आठ दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. जावयाला उपाशी उठवलं म्हणून गल्लीनं नावं ठेवली. तुला कशाची पर्वा! शेजारच्या मास्तरीणबाईंना गाठून तू मला ट्रेनिंगला घातलंस. तो न्यायला आला तेव्हा दारात तांदूळ पाखडत बसलीस, जागची हलली नाहीस. मी शिक्षिका झाले, जन्मभर ताठ मानेनं जगले.

आज महिला मंडळात एक मुलगी आली. नवरा पिऊन मारतो, शुद्धीत नसतो म्हणाली. मी विचारलं, सासऱ्यावर कधी हात उठला का गं? तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "मंडळाच्या वकीलबाईंकडे कधी जायचं, बाई?" उद्याच जातोय. काय सांगू आई, लढाई जिंकल्यागत वाटतंय!

पण सगळ्यांना तुझी गोष्ट सांगताना एक गाळते. त्या दिवशी मला लाज वाटली ती तुझी, त्याची नाही. तू महिनाभर शोधत होतीस ना, तो पितळी डबा हरवला नव्हता. मागच्या दारानं धावत जाऊन, धोंडे भरून, मीच त्याला दिला होता.